आधी बादली, मग गीझर

डिसेंबरातली सकाळ. सव्वासहाला फोन वाजला. कोथरूडच्या एका ताईंनी आदल्या आठवड्यात नवा इन्स्टंट गीझर बसवून घेतला होता, माझ्याकडून नव्हे, दुकानाच्या माणसाकडून. "दादा, पाणी कोमटच येतंय. मुलाला सातची शाळा आहे, आत्ता येता का?" गेलो. गीझरचा दिवा लागलेला, फेज ठीक, न्यूट्रल ठीक, अर्थिंगही ठीक. नळ मात्र पूर्ण सोडलेला आणि बादलीत धो धो पाणी पडतंय. मी नळ आवळत आणला. धार करंगळीएवढी झाली आणि मिनिटभरात बादलीतून वाफ निघायला लागली.

"झालं?" ताई म्हणाल्या.

"झालं."

"मग एवढ्याशा धारेत शॉवर कसा घ्यायचा?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांना आवडणारं नव्हतं. शॉवर घ्यायचा नाही, बादली भरेपर्यंत थांबायचं. त्यांनी चहा दिला. पैसे घ्यायला मात्र मला जमलं नाही, कारण बिघाड गीझरात नव्हताच. बिघाड झाला होता तो घेताना, दुकानात.

औंधच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून बाहेर पडलो त्याला आता ३० वर्षं होतील. तेव्हा पेठांतल्या कित्येक वाड्यांत तांब्याचे बंब पेटायचे, भाड्याच्या खोल्यांत बादलीत सोडायचा रॉड असायचा आणि गीझर ही बंगल्यातली वस्तू होती. आता वन बीएचकेतही गीझर असतो आणि माझा अर्धा हिवाळा गीझरांत जातो. दर हिवाळ्यात एकच प्रश्न येतो, "दादा, टाकीचा घेऊ की इन्स्टंट?" पहिली काही वर्षं मी या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचो. आता देत नाही. उलट विचारतो, "तुमची बादली केवढी आहे?" लोक हसतात. मी खरंच बाथरूममध्ये जाऊन बघतो.

त्याचं कारण साधं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. २० लिटरची बादली २० अंशांवरून आंघोळीच्या ४० अंशांवर आणायची तर ४०० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटला थोडी कमी. ही वीज टाकीच्या गीझरलाही लागते, इन्स्टंटलाही आणि रॉडलाही. "इन्स्टंटला वीज कमी लागते हो," असं दुकानदार सांगतो तेव्हा तो पाणी तापवण्याबद्दल बोलत असेल तर ते खरं नाही. पाण्याला कोणाची कंपनी कळत नाही.

फरक पडतो तो वेळेत. आपल्याकडचा घरगुती इन्स्टंट बहुतेक वेळा ३ किलोवॅटचा असतो. तो मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतो, त्याहून एकही जास्त नाही. आता माझी बहीण डोंबिवलीला असते. तिकडे ऐन जानेवारीतही टाकीतलं पाणी २४-२५ अंशांच्या खाली फारसं जात नाही. १५ अंश वाढवायचे, म्हणजे मिनिटाला जवळपास तीन लिटर गरम पाणी आणि सात मिनिटांत बादली. ती खूश आहे. तोच गीझर पुण्यात जानेवारीच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी घेतो ते १५-१६ अंशांचं. २५ अंश वाढवायचे म्हटलं की धार पावणेदोन लिटरवर येते आणि बादलीला बारा मिनिटं लागतात. गीझर तोच, बादली तीच, गाव बदललं. कोथरूडच्या ताईंच्या एका नातेवाइकांनी मुंबईहून फोनवर सांगितलं होतं, "आमच्याकडे इन्स्टंट फर्स्ट क्लास चालतो." ते खोटं बोलत नव्हते.

इन्स्टंट म्हणजे बिनटाकीचा, असाही एक समज असतो. आपल्या बाजारातल्या बहुतेक इन्स्टंटना टाकी असते, एक नाही तर तीन लिटरची. म्हणून नळ सोडला की पहिले दोन-तीन तांबे चटका बसेल असे येतात आणि मग पाणी कोमट होतं. लोकांना वाटतं गीझर बिघडला. खरं तर आधी साठवलेलं संपलं आणि आता तो जेवढं कमावतो तेवढंच खर्चतोय.

टाकीच्या गीझरचा हिशेब साठवणीचा. २५ लिटरची टाकी ६० अंशांवर तापली आणि त्यात तेवढंच २० अंशांचं पाणी मिसळलं की ४० अंशांचं ५० लिटर पाणी होतं, म्हणजे अडीच बादल्या एका दमात. पूर्ण टाकी तापायला २ किलोवॅटच्या कॉइलला ३५ मिनिटं लागतात. म्हणून ज्या घरात सहा ते सात या तासाभरात चौघांना आवरून बाहेर पडायचं असतं, तिथे मी २५ लिटरचाच सांगतो. पहिल्या दोघांचं पाणी साठलेलं असतं, पुढच्या दोघांचं तेवढ्यात तापतं. ज्या घरात एकेक जण निवांत उठतो आणि बादली लावून पेपर वाचत बसतो, तिथे इन्स्टंट चालतो. गीझर निवडताना भिंतीवर किती जागा आहे हे सगळे बघतात. घरातली सकाळ किती मिनिटांची आहे हे कोणी मोजत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात इन्स्टंट बसवला होता. घरमालक काका म्हणाले, "नवी लाइन नको ओढूस, याच प्लगवर इस्त्री वर्षानुवर्षं चालतेय." मीही घाईत होतो, पुढचं काम थांबलं होतं. इस्त्री साधारण हजार वॅटची आणि तीही थांबत थांबत तापणारी. गीझर तीन हजारांचा, म्हणजे १३ अँपियर, सलग. आठ-दहा दिवसांनी निरोप आला की प्लगपाशी काहीतरी जळल्याचा वास येतोय. प्लग काढला तर आतली पितळेची पट्टी काळीठिक्कर आणि वायरीचं प्लास्टिक हाताला बिस्किटासारखं भुगा होऊन लागलं. भिंतीवर लाकडी पट्टीवरून गेलेली वायर होती ती. कोणाला इजा झाली नाही, हे आमचं नशीब. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री मला एकच वाक्य बोलले, "गीझर खिळ्यावर टांगलेला नसतो रे, वायरीवर टांगलेला असतो."

तेव्हापासून क्रम ठरला. आधी मीटरबोर्ड, मग वायर, मग अर्थिंग, मग गीझर. तीन किलोवॅटला बोर्डापासून वेगळी लाइन, चांगली जाड वायर, १६ अँपियरचा प्लग आणि स्वतःचा एमसीबी. साडेचार किलोवॅटचा असेल तर प्लगचं नावच काढायचं नाही. तो २० अँपियरच्या जवळ ओढतो, त्याला थेट डबल पोल स्विचमधून द्यायचं. आणि घराला शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपियरचा ब्रेकर नसेल तर मी आधी तो बसवायला सांगतो. गीझर दोन हजारांनी स्वस्त घ्या म्हणतो, पण हे टाळू नका.

कसब्यातल्या त्या वाड्यात आणखी एक गोष्ट कळली. थंडीत सकाळी सगळीकडे एकदम गीझर लागतात आणि जुन्या गल्लीत व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १९० आलं की लोकांना वाटतं थोडंच कमी झालंय. पण कॉइलची ताकद वर्गाच्या हिशेबाने घटते आणि तीन किलोवॅटचा गीझर दोन किलोवॅटचाच उरतो. इन्स्टंटवाल्याची धार लगेच गार पडते. टाकीवाल्याला कळतही नाही, त्याची टाकी फक्त दहा-पंधरा मिनिटं जास्त घेते. लोडशेडिंगच्या काळातही असंच असायचं. लाइट जायच्या आत ज्यांची टाकी तापलेली असायची ते तासाभराने आरामात आंघोळ करायचे. आजही गुरुवारी लाइट जायची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला मी हे आठवणीने सांगतो.

मग टाकीच्या गीझरचं वाईट काय? तो वाट बघतो आणि वाट बघण्याचे पैसे लावतो. एकदा घरचे सगळे जत्रेला गावी गेले होते. मी मागे राहिलो आणि आमच्या जुन्या २५ लिटरच्या गीझरला वेगळं मीटर लावून तो दिवसभर नुसता चालू ठेवला. कोणी थेंबभर पाणी वापरलं नाही, तरी २४ तासांत सव्वा युनिटच्या आसपास वीज गेली. टाकी निवत होती, थर्मोस्टॅट कट्ट करून पुन्हा लावत होता. युनिट दहा रुपये धरलं तर महिन्याला पावणेचारशे रुपये, एकही आंघोळ न करता. टाकीच्या गीझरवर जे स्टारचं लेबल असतं ते याच गळतीचं मोजमाप आहे. नुसतं पाणी गरम ठेवायला दिवसाला किती युनिट जातात, हे ते सांगतं. पाच स्टारच्या टाकीभोवती फोम जाड आणि चांगला असतो, म्हणून ती कमी निवते. पण गीझर चालू ठेवून ऑफिसला जाणाऱ्या माणसाला कितीही स्टार पुरत नाहीत. उठल्यावर लावा, आंघोळी झाल्या की बंद करा, मग ही गळती नगण्य होते. "सारखं चालू-बंद केलं की जास्त वीज जाते ना?" असं दहातले आठ जण विचारतात. नाही जात.

दोन वर्षांपूर्वी बाणेरच्या एका घरात मुलगा जर्मनीहून आला होता. तिकडे भिंतीवर वहीएवढं यंत्र असतं, टाकी नाही, बटण नाही, नळ सोडला की हवं तेवढं गरम पाणी. "काका, असंच बसवून द्या." पोरगं इंजिनिअर होतं, म्हणून मी त्याच्यासमोरच पाकिटाच्या मागे गणित मांडलं. त्याच्या शॉवरला मिनिटाला आठ लिटर पाणी लागतं. ते २२ अंशांनी वाढवायचं तर १२ किलोवॅट हवेत. सिंगल फेजवर ते ५० अँपियरच्या वर जातं. तिकडची ती यंत्रं १८, २१, २४ किलोवॅटची असतात आणि तिथे घराघरात तीन फेज आलेले असतात, म्हणून चालतात. आपल्या साध्या फ्लॅटला येतो एक फेज आणि त्यावर फ्रीज, वॉशिंग मशीन, ओव्हन, एसी. मुलगा पाकीट घेऊन बराच वेळ बघत राहिला. वडील मात्र निवांत म्हणाले, "म्हणजे गीझर बदलायचा तर महावितरण बदलायला लागेल." २५ लिटरचा टाकीचा बसवला.

पाण्याचा विषय वेगळाच. खडकवासल्याचं पाणी मऊ. पेठांत, कोथरूडला मी दहा-बारा वर्षांचे गीझर उघडलेत आणि आत कॉइल बऱ्यापैकी स्वच्छ निघाली आहे. पण शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. तिथले गीझर वर्ष-दीड वर्षात बोलायला लागतात. तापताना आतून फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. असा एक गीझर वाघोलीला उघडला होता. पाणी काढून टाकलं, खालचे नट सैल केले, प्लेट खाली ओढली तर कॉइलआधी चुनाच घरंगळला, वाटीभर पांढऱ्या खपल्या. कॉइलवर बोटभर जाड थर, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा. शेजारचा मॅग्नेशियमचा रॉड, जो नवा असताना अंगठ्याएवढा असतो, तो झिजून मधली तार उरली होती. तो रॉड असतोच झिजण्यासाठी. गंजायचं ते आधी तो गंजतो आणि टाकी वाचते. पण तो बदलायचा असतो हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. असं पाणी असेल तर मी टाकीचाच घ्या म्हणतो, कारण तो उघडता येतो, खरवडता येतो, रॉड बदलता येतो. तीन लिटरच्या इन्स्टंटमध्ये सगळं खेटून बसवलेलं असतं. चुना धरला की कॉइलची उष्णता बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत जळते आणि बहुतेक वेळा नवा गीझर घेणंच सोपं जातं.

एक गोष्ट मात्र दोघांनाही सारखी लागू आहे आणि ती सांगताना माझा आवाज चढतो. गीझरच्या थंड पाण्याच्या बाजूला जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो तापताना कधीकधी थेंब टाकतो. पाणी तापलं की फुगतं, त्याला वाट लागते. एका घरी तो थेंब फरशीवर पडतो म्हणून कोणीतरी व्हॉल्व्हच्या तोंडात एमसील भरून ठेवलं होतं. थर्मोस्टॅट चिकटला असता आणि कटआउटनेही दगा दिला असता, तर ती टाकी म्हणजे बंद झाकणाचा कुकर झाली असती, शिट्टी बुजवलेला. मी आधी मेन बंद केला, मग बोललो.

लोक विचारतात, तुमच्या घरी कोणता? बाथरूमला १५ लिटरचा टाकीचा, स्वयंपाकघरात सिंकवर इन्स्टंट. भांड्याच्या ओशटपणाला दोन तांबे गरम पाणी पुरतं आणि ते दिवसातून दहा वेळा लागतं. तिथे टाकी तापवत ठेवण्यात अर्थ नाही. इन्स्टंट वाईट नाही, तो आमच्याकडे चुकीच्या खोलीत लावला जातो.

आणि तरीही माझा ठोकताळा चुकतो. सदाशिव पेठेत एक आजी एकट्या राहतात. मुलीने परदेशातून पैसे पाठवून २५ लिटरचा पाच स्टारचा गीझर आणवला होता. एका बादलीच्या आंघोळीला एवढा कशाला, म्हणून मी तो न उघडता परत करून इन्स्टंट लावायला सांगितला. हिशेबाने बरोबर होतं. महिन्याने भेटलो तर आजी म्हणाल्या, "बादली भरेपर्यंत उभं राहवत नाही रे, आणि बाहेर येऊन बसले की नळ चालू आहे हेच विसरते. दोनदा पाणी बाहेर वाहिलं." मी युनिट मोजले होते, गुडघे मोजले नव्हते. १० लिटरचा टाकीचा बसवून दिला. आता त्या बटण लावतात, पूजेची तयारी करतात आणि गीझरचा दिवा विझला की आंघोळीला जातात.

गेल्या जानेवारीत वाकडला एका नव्या जोडप्याकडे गेलो. दोन्ही बाथरूमना इन्स्टंट लागलेले होते. मुलीला नववा महिना, आई लातूरहून आलेली. आईनेच विषय काढला, "अहो, बाळंतिणीच्या आंघोळीला यातून पाणी कसं पुरायचं?" जावई म्हणाले, "आई, गरम पाणी संपतच नाही यात." दोघंही बरोबर होते. संपत नाही, पण पुरतही नाही. मी आतल्या बाथरूमचा काढला आणि २५ लिटरचा टाकीचा लावला. त्यांना वाटलं मी उगाच खर्चात पाडतोय.

बाळ महिन्याचं असताना बाहेरच्या बाथरूमचा प्लग बदलायला पुन्हा जाणं झालं. मालिशवाली बाई आलेली होती. पाटावर बसून पाय लांब केलेले, पायांवर पालथं बाळ, शेजारी घंगाळभर पाणी. आधी बाळ, लगेच बाळंतीण आणि मधे एकदाही थांबायचं नाही, कारण दोघांनाही गार वारा लागता कामा नये. बाळाच्या आजी बादल्या भरून देत होत्या, आधी थंड, मग गरम. बाईने कोपर पाण्यात बुडवून पाहिलं, मान हलवली आणि तांब्या उचलला. दुसरी बादली आली, पुन्हा कोपर, पुन्हा मान. तिसरीही आली. गीझरकडे कोणी वर बघितलंसुद्धा नाही.

मी प्लगचे स्क्रू आवळले आणि टेस्टर खिशात टाकला.